जीवराम आबांची काळी दोन

पेटी तिसऱ्यांदा परत आली तेव्हा हारुनभाईंनी तिच्यावरची गोधडीसुद्धा सोडली नाही. सासर न मानवलेल्या लेकीसारखी ती धुळ्याहून परत परत येत होती, एस.टी.च्या मागच्या सीटवर बसून, दोरीनं आवळलेली. दोरीत खोचलेली चिठ्ठी मात्र त्यांनी वाचली. ‘पेटी आजून चढेल शे. नीट लाव. व्हत नई व्हई ते तसं सांगी दे.’

चिठ्ठी जीवराम आबांची होती. त्यांच्याशी हारुनभाईंची चाळीस वर्षांची ओळख, आणि या चाळीस वर्षांत आबांनी त्यांना असं कधी लिहिलं नव्हतं.

जळगावच्या जुन्या भागात हारुनभाईंचं दुकान आहे. पुढच्या खोलीत मुलगा रेहान कीबोर्ड, गिटार, इलेक्ट्रॉनिक तानपुरे विकतो. मागच्या खोलीत हारुनभाई पेट्या लावतात. पेटी लावायची म्हणजे आतल्या पितळेच्या जिभल्या, ज्यांना सगळे रीड म्हणतात, त्या एकेक काढून कानशीनं घासायच्या. टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. जरा हात जास्त पडला की रीड कामातून गेली. एका पेटीत अशा चौऱ्याऐंशी. दिवसभर वाकून बसायचं, भाता मारायचा, ऐकायचं, पुन्हा घासायचं. सेहेचाळीस वर्षं हेच चालू होतं. पाठ केव्हाच कुरकुरायला लागली होती, डोळ्यांना चष्म्यावर भिंग लागत होतं, आणि पितळेची धूळ नखांत अशी बसली होती की ईदच्या दिवशीसुद्धा निघत नसे. राहिला होता तो कान. त्या कानावर घर चाललं होतं, बहिणींची लग्नं झाली होती.

आणि कानाचा तोराही होता, खोटं कशाला बोला. रस्त्यावरून रिक्षा हॉर्न देत गेली की हारुनभाई मान वर न करता सांगत, ‘पांढरी पाच, जरा बसलेली.’ बायकोच्या कुकरची शिट्टी काळी तीन. शहजादीबी म्हणत, ‘शिट्ट्या किती झाल्या ते सांगा, भात करपतोय.’ सूर लावताना दुसऱ्या कुठल्या वाद्याला विचारायचं नाही, हा त्यांच्या वडिलांचा दंडक होता. पांढरी एक डोक्यात असली पाहिजे. नसेल तर भाजीची गाडी लावावी.

आता काळी दोनचं सांगायला हवं. पेटीच्या पट्ट्या पांढऱ्या आणि काळ्या, डावीकडून मोजायच्या. गाणारा ज्या पट्टीवर आपला सा धरतो ती त्याची पट्टी. काळी दोन ही पुरुषाच्या गळ्याला उंच पट्टी. भल्याभल्यांना तिथे घाम फुटतो. तिच्या लगेच खाली, अर्ध्या सुरावर, पांढरी दोन. जीवराम आबा एस.टी.त ड्रायव्हर होते, तीस वर्षं धुळ्याच्या डेपोत काढली, आणि तीसही वर्षं ड्यूटी संपली की काळी दोनवर भजन म्हटलं. त्या सगळ्या भागात त्यांना ‘काळी दोनचे आबा’ म्हणत. नवा पेटीवाला साथीला बसला आणि चुकून पांढरी दोन धरली तर आबा टाळ खाली ठेवत. म्हणत, ‘मी अजून जित्ता शे ना?’

मागच्या दिवाळीपासून तेच आबा सांगू लागले होते की हारुननं लावलेली पेटी चढते, वरच्या सुरांत ती पुढे पळते. आबांचा शब्द म्हणजे धुळे तालुक्यातल्या वीस-बावीस मंडळांचा शब्द. आबा म्हणाले हारुनचा कान गेला, की कान गेला. मग दुसऱ्या दिवशी साक्षात फरिश्ता येऊन पेटी लावून गेला तरी कोणी मानायचं नाही.

‘अब्बा, कीबोर्डाशी लावून बघू या का?’ रेहाननं विचारलं होतं. बापलेक घरात आपल्या बोलीत बोलत. इथे मराठीत सांगतो. ‘दोन मिनिटांचं काम. पेटी चूक का आबा चूक, कळून जाईल.’

‘त्या खेळण्याला मी सूर विचारायचा?’ हारुनभाई म्हणाले. ‘त्या दिवशी दुकानाला कुलूप लावीन.’

बोलले ताठ, पण खरी गोष्ट निराळी होती. त्यांना भीती वाटत होती. विचारलं आणि कीबोर्डानं आबांची बाजू घेतली तर?

अशात फेब्रुवारीच्या शेवटी हितेंद्रचा फोन आला. हितेंद्र म्हणजे कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, धंदा भावावर टाकून गावात संगीताचे कार्यक्रम करणारा. परदेशातून चार वादक आले होते. तीनशे वर्षांपूर्वीचं तिकडचं संगीत, आणि वाद्यंही त्याच काळच्या घडणीची. असा कार्यक्रम जळगावात पहिल्यांदाच होत होता, आणि पहिल्याच घासाला खडा लागला होता. पुण्याहून टेम्पोनं आलेल्या हार्पसिकॉर्डच्या तीन पट्ट्या अडकल्या होत्या.

‘चाचा, पेटीच आहे समजा,’ हितेंद्र म्हणाला. ‘लांबडी, तारांची. तुमच्याशिवाय ती बघणारं इथे दुसरं कोण आहे?’

रेहाननं त्यांना मोटरसायकलवर हॉलवर सोडलं. दुपारचे तीन, बाहेर छत्तीसचं ऊन, आत गारेगार. स्टेजवर टेबलापेक्षा लांब असं ते वाद्य उभं होतं. पट्टी दाबली की लाकडाची एक काडी वर उडायची आणि तिच्यात बसवलेली पिसाच्या दांडीची नखी तार छेडायची. हारुनभाईंना ते पाहताक्षणी आवडलं. वाजवणाऱ्या बाई साठीच्या असतील. पांढरे केस, पायात चपला, चेहऱ्यावर सात गावं फिरून आल्याचा शीण. त्यांनी हातानंच दाखवलं, या तीन. हारुनभाईंनी पट्ट्या ओढून काढल्या, रस्त्याची धूळ फुंकली, एका काडीची बाजू काचेच्या तुकड्यानं किंचित तासली, परत बसवल्या. अर्ध्या तासात काम झालं.

मग सवयीनं त्यांनी काळी दोन दाबली. आणि त्यांना पांढरी दोन ऐकू आली.

पुन्हा दाबली. पांढरी दोनच. शेजारची दाबली, तीही अर्ध्या सुरानं खाली. टेम्पोत हिंदकळून सूर उतरला असेल, ते मनाशी म्हणाले. पण तेवढ्यात दोन्ही व्हायोलिनवाले सूर जुळवायला उभे राहिले. त्यांच्या तारा आतड्याच्या, पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते तशा तातीच्या. चौथा एक उंच माणूस, गुडघ्यांत धरून वाजवायची मोठी सारंगी घेऊन बसलेला. बाईंनी सूर दिला. तिघांनी तो घेतला. चौघं वाजवू लागले आणि सगळे नेमके अर्ध्या सुरानं खाली होते, एकमेकांत इतके मिसळलेले की मध्ये केस जायला जागा नाही.

हारुनभाई विंगेत स्टुलावर बसले. एक वाद्य उतरतं. चार वाद्यं, चार शिकलेली माणसं, सगळ्या जगात वाजवून आलेली, सगळी एकदम तेवढीच उतरत नसतात. म्हणजे ती बरोबर होती. बरोबर असलेलं आपल्याला उतरलेलं ऐकू येतं, म्हणजे आपण लावतो ती पेटी तेवढीच चढत असणार. आबा अगदी हेच तर सांगत होते. हिशोब इतका सरळ होता की त्यात वाद घालायला काही शिल्लक नव्हतं.

त्यांना रडू आलं नाही. उलट आतून काहीतरी सैल पडलं. दमलेल्या माणसाला कोणी म्हटलं की बैस आता, उद्या नको येऊ, तसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

संध्याकाळी रेहान कार्यक्रमाला आला तेव्हा पायऱ्यांवरच त्यांनी सांगून टाकलं. ‘आबा खरं बोलत होते. माझा कान गेला. उद्यापासून तू लावायचं, कीबोर्डाला विचार नाहीतर मोबाइलला विचार.’

‘काय झालं काय पण?’

‘झालं ते झालं. आबांना उद्या फोन करतो, माफी मागतो.’

रेहान काहीतरी बोलणार होता, पण हारुनभाई हात हलवून आत गेले आणि शेवटच्या रांगेत बसले.

हॉल बऱ्यापैकी भरला होता. डॉक्टर, प्राध्यापक, सराफ, संगीत क्लासच्या मुली. शाल-श्रीफळ झालं, मोठ्या सारंगीवाल्याला नारळ कुठे ठेवावा ते कळेना, शेवटी त्यानं तो खुर्चीखाली ठेवला. तारांना सोसत नाही म्हणून एसी बंद केला होता, आणि लोक कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत होते. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ पंधराव्या मिनिटाला झोपले. वाजवणाऱ्यांनी मात्र कसूर केली नाही. हळू आवाजाची वाद्यं होती ती, कुणाच्या अंगावर धावून न जाणारी. हारुनभाईंना एरवी ते फार आवडलं असतं. आज प्रत्येक सूर त्यांना अर्ध्यानं खाली ऐकू येत होता, आणि प्रत्येक सूर सांगत होता की म्हातारा झालास.

मध्यंतरात लोक चहाला बाहेर गेले. बाई एकट्याच स्टेजवर राहून गरमीनं हललेल्या तारा पुन्हा लावत होत्या. हारुनभाई वर गेले, त्या तीन पट्ट्या बघायला. बाईंनी हसून मान डोलावली, पट्ट्या उत्तम आहेत अशा अर्थानं. हितेंद्र जवळच होता. काय वाटलं कुणास ठाऊक, हारुनभाई त्याला म्हणाले, ‘ह्यांना सांग, वाद्य छान लावलंय. माझाच कान बिघडलाय. ही काळी दोन आहे ना, मला पांढरी दोन ऐकू येते.’

हितेंद्रनं इंग्रजीत सांगितलं. बाईंनी हातातली किल्ली खाली ठेवली आणि काहीतरी विचारलं.

‘त्या विचारतायत, तुम्ही कशाशी ताडून बघितलं?’

‘कशाशी नाही. डोक्यात असतं ते.’

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी हितेंद्रला बरंच सांगितलं, आणि तो ऐकता ऐकता हसायला लागला. ‘चाचा, कान तुमचा बरोबर आहे. हे लोक मुद्दाम खाली लावतात. त्या काळी गावोगावी सूर वेगळा असायचा, आजच्याएवढा चढा नसायचा बऱ्याच ठिकाणी. म्हणून जुनी वाद्यं वाजवणारे सगळे ठरवून अर्ध्या सुरानं खाली लावतात. आतड्याच्या तारांवर ताण कमी पडतो, गाणाऱ्याचा गळा सुटतो. त्या म्हणतात, हाताशी काही नसताना हे ओळखणारी माणसं त्यांना फार भेटली नाहीत.’

बाईंनी हात पुढे केला. हारुनभाईंनी आपली पितळ बसलेली बोटं आधी पँटला पुसली.

त्यांना इतका आनंद झाला की पायऱ्या उतरताना चष्मा ओला झाला. बाहेर रेहान चहा पीत उभा होता. ‘कान शाबूत आहे,’ ते म्हणाले. ‘तेच खाली लावतात. ठरवून.’

‘मला माहीत होतं,’ रेहान म्हणाला. ‘आबांनी पहिल्यांदा परत पाठवली ना पेटी, तेव्हाच तुम्ही नमाजला गेल्यावर कीबोर्डाशी लावून बघितली होती. बरोबर होती. मघाशी सांगणार होतो, तर तुम्ही ऐकलंच नाही.’

‘इतके महिने गप्प बसलास?’

‘सांगितलं असतं तर दुकानाला कुलूप लावलं असतं तुम्ही.’

हारुनभाई हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

दुसऱ्या भागात ते मधल्या रांगेत बसले. आता अर्धा सूर खाली ऐकू येण्यात मजा होती. जणू तेवढ्या हॉलमध्ये ती गोष्ट पाच जणांनाच ठाऊक होती, चार स्टेजवर आणि एक इथे. बाई सावकाश काहीतरी वाजवत होत्या. आणि त्या सावकाश वाजवण्यात, काही कारण नसताना, त्यांच्या मनात आलं, मग आबांना पेटी चढलेली का वाटते?

उत्तर शोधायला लागलं नाही. पेटी जागेवर होती. कान जागेवर होता. उरला होता तो आबांचा गळा.

आबा बहात्तरचे होते. गेल्या वर्षी त्यांच्या बायकोचं, यशोदाबाईंचं, वर्षश्राद्ध झालं तेव्हा वरच्या सुराला त्यांचा आवाज चिरला होता, आणि सगळ्यांनी तो दुःखाचा समजला होता. हारुनभाईंनाही तसंच वाटलं होतं. गळा अर्ध्या सुरानं खाली आला होता, आणि आबांना ते कळत नव्हतं. किंवा कळत होतं, पण ड्रायव्हरला डोळे गेल्याचं कबूल करवत नाही तसं करवत नव्हतं. मघापासूनचा आनंद हारुनभाईंच्या अंगातून निघून गेला. दुपारी विंगेतल्या स्टुलावर आपण कसे बसलो होतो ते त्यांना आठवलं. त्यांची ती दुपार तीन तासांत फिटली होती. आबांची फिटणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गोधडी सोडली, पेटी उघडली आणि कानस घेतली. रेहान चहा घेऊन आला तो तसाच उभा राहिला. बापाची कानस रीडच्या मुळाशी चालली होती.

‘अब्बा, उतरवताय? पेटी बरोबर आहे ना?’

‘आहे ना.’

‘मग?’

‘आबा काळी दोन धरतील आणि पांढरी दोन वाजेल. पेटीवाल्याचं बोट काळ्या पट्टीवरच दिसेल. मंडळ बघेल, आबा काळी दोनच गातायत.’

‘आणि आबा सगळीकडे सांगतील की हारुनची पेटी चढलेलीच होती, मी म्हटल्यावर दुरुस्त केली.’

‘सांगू दे.’

‘अब्बा, कालच तर...’ रेहानचा आवाज चढला. ‘त्यांना सरळ सांगा ना. मी सांगू का? पांढरी दोन धरा म्हणावं, वय झालं.’

हारुनभाईंनी रीड तोंडाजवळ धरून फुंकली, ऐकली, परत मुळाशी दोनदा कानस फिरवली. ‘त्याला अजून गायचंय,’ ते म्हणाले. ‘मला काय, नुसतं ऐकायचंय.’

चौऱ्याऐंशी रीड अर्ध्या सुरानं उतरवायच्या, एकही न मोडता, एकही मागे-पुढे न होता, हे काम नवी पेटी लावण्याच्या दुप्पट. पाच दिवस लागले. रात्री पाठ टेकली की झोपही येत नसे. पण सेहेचाळीस वर्षांत त्यांच्या हातून इतकी सुरेल पेटी लागली नव्हती, आणि हे सांगायला बाहेर कोणी नव्हतं.

आबा स्वतः घ्यायला आले, सोबत मंडळातले दोघं. धोतर स्वच्छ, दाढी केलेली, चेहरा भांडायला आल्यासारखा. बसले. एकानं पेटी ओढून काळी दोन धरली. आबांनी डोळे मिटून अभंग सुरू केला. खालचे सूर गेले, मधले गेले. मग वरचा सा आला. आबांचा आवाज तिथे गेला आणि थांबला, न चिरता, न थरथरता, जुन्या दिवसांतल्यासारखा. दुकानापुढे रस्त्यावरची दोन माणसं ऐकायला उभी राहिली. आबांनी तोच चरण तीनदा घोळवला. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते.

‘देख हारुनभाऊ, आते कशी बसनी,’ ते म्हणाले. ‘मी सांगी राह्यंतू ना, पेटी चढेल व्हती. मना गळा शे तसाच शे.’

‘हो आबा.’

आबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मायेनंच ठेवला. ‘तुना कान गया रे भाऊ. वाईट नको वाटी लेऊ. वय कोनले चुकस?’

रेहान पुढच्या खोलीत निघून गेला. हारुनभाई म्हणाले, ‘खरंय आबा. वय झालं.’

आबा कुठेच वाईट बोलले नाहीत. हारुन माणूस लाख मोलाचा, पण कान गेला बिचाऱ्याचा, एवढंच ते मंडळामंडळांतून हळहळत सांगत राहिले. शिवी दिली असती तर लोकांनी कदाचित खोटी मानली असती. हळहळ कोणी खोटी मानत नाही. पाडव्यापर्यंत धुळ्याहून येणाऱ्या पेट्या बंद झाल्या. पारोळ्याच्या दोन येणार होत्या, त्या आल्या नाहीत.

वैशाखात जामनेरच्या मंडळाचा निंबा नावाचा माणूस पेटी घेऊन आला. पुढच्या खोलीत रेहानजवळ उभा राहून त्यानं आवाज खाली करून विचारलं, ‘लावनार कोन? तुमचे वडील का तुम्ही?’

रेहाननं मधल्या पडद्याच्या फटीतून मागे बघितलं. हारुनभाईंनी मान हलवली. सांग, तू लावणार म्हणून.

‘मी,’ रेहान म्हणाला.

पेटी हारुनभाईंनीच लावली, चार दिवसांत. निंबा न्यायला आला तेव्हा त्यानं एकेक पट्टी वाजवून बघितली, मग पडद्यापाशी येऊन मागे बसलेल्या म्हाताऱ्याला मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं, म्हणाला, ‘चाचा, पोराचा कान लई चांगला शे हो. तुमच्यापेक्षाबी.’

हारुनभाईंना वाटलं होतं की हे ऐकलं तरी काही वाटणार नाही, आपण ठरवून केलेली गोष्ट आहे. पण लागलं. छातीत चांगलंच लागलं.

‘हो,’ ते म्हणाले. ‘माझ्यापेक्षा चांगला आहे.’ पलीकडे रेहान पाठ करून उभा होता, आणि बिलाचं पुस्तक त्याला सापडत नव्हतं.